सव्वा मुठीचा हिशेब

जळगाव-धुळ्याच्या गावांतून परदेशी नोकरीला गेलेल्या लेकी-लेकांना,



श्रावणात नागपंचमी सरली की पुढच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी धान्य मोजायला घेतात तेव्हा घराण्यातल्या पुरुषांची नावं एकेक करून घेतली जातात. प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू. आजोबांना सव्वा मूठ, काकांना सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोरालाही सव्वाच. सोबत हरभऱ्याची डाळ पडते, दळण होतं, रोट होतात, आणि ते भाऊबंदांनी मिळूनच खायचे असतात. घराण्याघराण्यात रीत थोडीफार बदलते. मोजणी मात्र चुकत नाही, आणि मोजताना माणूस गावात आहे की नाही हे कुणी पाहत नाही. सुरतेच्या कारखान्यात असलेला मोजला जातो, पुण्याच्या कंपनीतला मोजला जातो, आणि दुबई, डॅलस, सिंगापूरला असलेलाही मोजला जातो. तो आला नाही तर बाकीचे त्याच्या वाट्याचा घास खातात.

हे पत्र त्या सव्वा मुठीपासून सुरू होतं, कारण गावाने कुणाचंही नाव कमी केलेलं नाही. परदेशी असलेल्या माणसाने गावाकडे कधी यावं, आल्यावर काय करावं, यावर ओट्याओट्यावर बोलणं होत असतं. तोंडावर कुणी बोलत नाही. आलेल्याचं मन मोडायची इकडे रीत नाही. ‘कव्हय उना रे भाऊ?’ म्हणून विचारायचं, पाणी द्यायचं, जेवायला बसवायचं. जे ओट्यावर राहून जातं ते आता लिहून पाठवायचं आहे.

परदेशातला माणूस बहुधा डिसेंबरात येतो. तिकडे नाताळची सुट्टी, इकडे थंडी आणि लग्नं. मुंबईला उतरून जळगाव किंवा धुळे गाठायचं, चार दिवस शहरातल्या फ्लॅटवर राहायचं आणि त्यातला एक दिवस गावाला द्यायचा. त्या दिवशी मळ्यात भरीत असतं. हिरवी, मोठाली वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे पडतात, आणि कळण्याच्या भाकरीसोबत पानं वाढली जातात. जळगावच्या या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला त्याची थोरवी सांगायला कागद लागत नव्हता. लेकरं बैलगाडीत बसतात, फोटो होतात, दिवस मावळायला गाडी शहराकडे निघते.

भरिताला नाव ठेवणारा खान्देशात जन्मायचा आहे. पण त्याच दिवशी शेजारच्या वावरात बाया कपाशी वेचत असतात, किलोवर मजुरी ठरवून. रात्री पारा फार उतरला तर केळीची वाढ थांबेल, पानं पिवळी पडतील, म्हणून मालक धास्तावलेला असतो. पाहुण्यासमोर तो ही गोष्ट काढत नाही. वर्षभरात गाव जितकं बरं दिसू शकतं, तितकं बरं रूप पाहून पाहुणा जातो.

दुसरी खेप ठरवून होत नाही. रात्री-अपरात्री फोन वाजतो, मिळेल ते तिकीट काढलं जातं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या 2010 साली आलेल्या कादंबरीची उभारणीच या खेपेवर आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर असताना वडिलांच्या आजारपणाची बातमी येते आणि तो पाकिस्तानातून खान्देशातल्या मोरगावकडे निघतो. नेमाडे स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला शिकवायला होते. खंडेरावाला वाटेत सगळं गाव आठवत जातं, पिढ्यान् पिढ्यांचं. प्रत्यक्षातल्या खंडेरावांना एवढी उसंत मिळत नाही. दहावं, तेरावं, भेटायला येणारी माणसं, मृत्यूचा दाखला, बँक, तलाठी कार्यालय. सगळं गाव भेटतं आणि बोलणं कुणाशीच होत नाही.

म्हणजे गाव दिसतं ते एकदा जेवणाच्या पंगतीतून आणि एकदा तिरडीच्या मागून. मधलं गाव, म्हणजे रोज सकाळी सहाला उठून कामाला लागणारं, दिसायचं राहून जातं.

परत गेल्यावर कामावरच्या सोबत्यांना फोटो दाखवताना ‘आमचं पारंपरिक शेतीचं गाव’ असं सांगितलं जातं. यातला ‘पारंपरिक’ हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. 2021 च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी दुबईला गेली. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं होतं. त्या मानांकनाची ही केळी. एक घड तिथवर पोहोचवायचा तर काय काय करावं लागतं ते एकदा बांधावर उभं राहून पाहावं. उतीसंवर्धनाची रोपं, ठिबक, ठिबकमधूनच खत, नको असलेल्या खालच्या फण्या काढून टाकणं, घडाला पिशवी घालणं, कापल्यावर घड जमिनीला टेकू न देणं, फण्या सोडवून धुणं, वजनाने खोक्यात भरणं, आणि तेरा-चौदा अंशांवर ठेवलेला कंटेनर. दुबईच्या दुकानात रावेरचा पोरगा ज्या फणीला हात लावतो ती त्याच्या चुलत्याच्या बांधाशेजारची असू शकते. या कामात लागणारी नजर आणि शिस्त कुठल्याही परदेशी कारखान्यातल्या कामाहून कमी नाही. आणि तरी मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी तयार घडांसकट बाग आडवी होते. ज्या घरात हे घडतं तिथे त्या रात्री चूल पेटत नाही.

मग परंपरा कशात आहे? तिफण संग्रहालयात गेली तरी चालेल, बैल कमी झाले आहेतच. परंपरा आहे ती माणसांनी एकमेकांशी बांधून घेतलेल्या रीतींमध्ये. तिचा सगळ्यात देखणा नमुना धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी आहे: फड पद्धत. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीत दगडी बंधारे घातले आणि पाट काढले. पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणायचं. थळाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. शेतकऱ्याचे पट्टे वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे उसाचं पाणी एकट्याला आणि कोरडं दुसऱ्याला असं होत नसे. पाण्याची पाळी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. त्यांना मेहनताना धान्यात. पाणी कमी पडलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा हे मिळून ठरायचं, आणि तो कोरडा फड सगळ्यांचाच असायचा.

पुढे म्हैसूरकडचा एक तरुण इंजिनिअर नोकरीसाठी मुलूख सोडून या भागात आला. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. सुरुवातीच्या दिवसांत पांझरेच्या पाण्याच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे ज्यांनी देशभर धरणं आणि पाटबंधारे उभे केले, त्यांची उमेदवारी खान्देशातल्या या नदीकाठी झाली. फड आज मोडकळीला आलेत. वर धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, ज्याचा पंप त्याचं पाणी झालं. पण साक्री-धुळे पट्ट्यात अजून अशी म्हातारी माणसं आहेत की ज्यांनी जागल्याची हाक ऐकली आहे. त्यांच्यापाशी दोन तास बसणं हे बैलगाडीतल्या फोटोहून कितीतरी मोठं आहे.

बसावं कसं, याचा नमुनाही साक्री तालुक्यातच आहे. बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं लहानसं गाव. एकेकाळी तिथलं रान उघडं पडलं होतं, पाणी आटलं होतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून ते रान राखलं, तोडणाऱ्याला दंड बसवला, पाणी अडवलं. जवळपास 445 हेक्टर जंगल पुन्हा उभं राहिलं. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. गावाची ही कहाणी अनेकांना ठाऊक आहे. तिच्यातलं एक पान मात्र या पत्रासाठी मोलाचं आहे.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात संशोधन करणारे शैलेश शुक्ला अभ्यासासाठी या गावात आले. त्यांनी बायकांना विचारलं, रानातलं काय काय खाता? उत्तरांची यादी लांबत गेली. कुठल्या झाडाची कोवळी पानं, कुठल्या वेलीचा कंद, कुठला मोहोर, कुठली भाजी दोनदा उकळून पाणी ओतून द्यायची, कुठली बाळंतिणीला घालायची. हे सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं आणि नातींपर्यंत पोहोचत नव्हतं. त्यातून 2004 साली वनभाज्यांची स्पर्धा सुरू झाली. बायकांनी रानभाज्या रांधून आणायच्या आणि त्यांची माहिती सांगायची. पुढे ती दरवर्षीची गोष्ट झाली आणि लांबून माणसं जेवायला येऊ लागली. आजीला जे ठाऊक होतं ते सांगण्याजोगं आहे हे नातीला त्या मैदानावर कळलं.

इथे पाहुण्याने काय दिलं? पैसे नाहीत, यंत्र नाही. त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर संपेपर्यंत तो बसून राहिला. विचारणारा परका होता, गावात त्याचं नातंगोतं कुणी नव्हतं. ज्यांचे चुलते, मावशा, जुने मास्तर गावात आहेत त्यांना हे किती सोपं जावं!

आता कधी यायचं ते. जमेल त्याने आखाजीला यावं. अक्षय्य तृतीया म्हणजे खान्देशची आखाजी, दिवाळीहून मोठी. ऊन पंचेचाळीस अंशांवर गेलेलं असतं, हे कबूल. पण गावाचं वर्ष त्या दिवशी उलटतं. लेकी माहेरी येतात. लिंबाला, वडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात, वर खरबूज, आंबे ठेवतात. गडी माणसं पत्ते मांडून बसतात. सांजोऱ्या होतात, रस होतो. आणि त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. आखाजी ते आखाजी. जुना हिशेब चुकता होतो, उचल वळती होते, नवी बोली ठरते, पटलं नाही तर घर बदलतं. यातले पुष्कळ सालदार सातपुड्यातले, पावरा, बारेला, भिल्ल. कुणी चोपडा-यावलच्या पाड्यांवरचा, कुणी सीमेपलीकडे मध्य प्रदेशातला. तो मळ्यातल्या खोलीत बायकोपोरांसह राहतो, म्हाताऱ्या आईबापांना पाड्यावर ठेवून. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो तेव्हा तो मालकाकडे रजा मागतो, नवे कपडे घेतो आणि डोंगराकडे निघतो. ज्याने वरिष्ठांकडे चार-चार वेळा रजेचा अर्ज टाकून गाव गाठलं आहे, त्याला सालदाराची ती मागणी मालकाहून लवकर कळेल. दोघांचं दुखणं एकाच जातीचं आहे. आखाजीच्या दिवशी त्याच्याशी बोलावं. घरची शेती खरोखर कुणाच्या अंगावर उभी आहे हे तिथे कळतं.

लेकरांच्या शाळांमुळे एप्रिल-मे जमत नाही, हेही खरं. आखातात, युरोपात, अमेरिकेत शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात येते. त्यांनी कानबाईला यावं. सुरतेची, मुंबईची, पुण्याची खान्देशी माणसं त्या रविवारी गाड्या भरभरून येतात. नारळाला डोळे, नथ लावून कानबाई सजते. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी होते. रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. पाऊस असतो, कपाशी गुडघ्याला आलेली असते, निंदणी चालू असते. मुलाला चिखल लागू द्यावा.

आणि रात्री गावातच राहावं. सोय नाही, संडास बरा नाही, मुलांना सवय नाही, ही कारणं ऐकून घरच्या बाईचा चेहरा उतरतो. तिने आठ दिवस आधीपासून गोधड्या उन्हात घातलेल्या असतात. 1936 च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साध्या सामानातून तिथली सजावट उभी केली. सबंध देशाला ज्या मुलखाने मांडव घालून ठेवून घेतलं, त्याला आपल्या नातवंडांची चार रात्रींची सोय जड नाही. उन्हाळ्यात अजून जिथे धाब्याची घरं उभी आहेत तिथे धाब्यावर अंथरूण पडतं. दिवसा न बोललेली माणसं तिथे अंधारात बोलतात. कर्ज किती झालं, पोराचं लग्न का जमत नाही, दवाखान्यात काय सांगितलं. ही वाक्यं संध्याकाळच्या गाडीने परत जाणाऱ्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत.

पुढचा विषय अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. तो म्हणजे सातबारा.

परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. त्यामुळे वडील गेल्यावर वारसनोंद होते, फेरफार होतो आणि परदेशी माणूस खातेदार बनतो. वावर कसतो मात्र चुलतभाऊ किंवा गावातला एखादा भूमिहीन, निमबटाईने किंवा ठोक्याने. कागद होत नाही. 1948 चा कुळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन या दोन गोष्टींनी जमीनमालकांच्या मनात घातलेली धास्ती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. शब्दावर व्यवहार चालतो.

शब्दावरच्या व्यवहारात मार कुणाला बसतो ते पाहावं. बियाणं बटाईदाराने आणलेलं, खतात त्याचा वाटा, अंगमेहनत सगळी त्याची. गारपीट झाली, नदीचं पाणी शिरलं, वाऱ्याने बाग पडली, की पंचनामा होतो आणि सरकारी मदत सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या बँक खात्यात जमा होते. पीककर्जही खातेदारालाच. कसणारा सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर वर्ष काढतो. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद मोबाइलवरून आणि वावरात उभं राहूनच करावी लागते, पिकाचा फोटो तिथूनच काढावा लागतो. म्हणजे खातेदार जर्मनीत असला तरी त्याच्या पिकाचा साक्षीदार बांधावर उभा असलेला तो दुसरा माणूस असतो. त्याच्या फोटोवर नोंद होते आणि मदत येते खातेदाराच्या खात्यात.

तेव्हा एवढं करावं. खात्यावर अशी मदत जमा झाली की ती कसणाऱ्याला द्यावी, निदान त्याच्या नुकसानीच्या वाट्याइतकी. न मागता द्यावी, कारण तो मागणार नाही; पुढच्या वर्षी वावर काढून घेतील ही भीती त्याला गप्प ठेवते. गावच्या मंदिराच्या सभामंडपाला परदेशातून देणगी येते, फरशीवर नाव कोरलं जातं, त्यात आनंदच आहे. पण बटाईदाराच्या घरी गारपिटीनंतर पोहोचलेले दहा हजार रुपये त्या फरशीहून जास्त दिवस आठवले जातील. जमत असेल तर वकिलाला विचारून कागदही करावा. आणि गावी आल्यावर त्या बांधावर पायी जावं, गाडीतून खाली न उतरता वावर दाखवून परत फिरू नये.

याच सातबाऱ्यावरून लेकींशी वेगळं बोलायला हवं. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित शेतीतही मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. परदेशातून आठ दिवसांसाठी आलेल्या लेकीसमोर अनेकदा हक्कसोडपत्र ठेवलं जातं. ‘तुला काय कमी आहे’ असं म्हणून. भाऊ वाईट असतो असं नाही. तोही कोरडवाहू पाच एकरांवर तीन माणसं सांभाळत असतो. लेकीने सोडायचं ठरवलं तर तो तिचा मोठेपणा. पण तो निर्णय विमान पकडायच्या आदल्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर उभं राहून होऊ नये. घरात बसून, आईला समोर बसवून, सगळं वाचून व्हावा. आई विधवा असेल तर तिच्या नावावर काय राहतं हे आधी पाहावं.

भाषेचं थोडक्यात. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात, चालता-बोलता त्यांना सुचत गेलेलं गाणं त्यांचे पुत्र सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने लिहून ठेवलं म्हणून वाचलं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 साली पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या एकट्या गात नव्हत्या. आखाजीच्या झोक्यावर, कानबाईच्या रात्री, अहिराणीत आणि लेवा गणबोलीत गाणाऱ्या शेकडो बाया होत्या. त्यांतल्या काही अजून आहेत, सत्तरी-ऐंशीच्या. प्रत्येकाच्या खिशात आता आवाज टिपणारा फोन आहे. आजीला गायला लावावं आणि टिपावं. गाणं कुणाचं, कधी म्हणतात, अवघड शब्दाचा अर्थ काय, हेही तिच्याच आवाजात विचारून घ्यावं. अहिराणी समजत नाही म्हणून तोंड फिरवणाऱ्या नातवाला निदान ती कशी ऐकू येते एवढं कळेल, आणि पुढे कधीतरी विचारावंसं वाटलं तर विचारायला काहीतरी शिल्लक असेल.

परदेशी माणसाने सगळं सोडून परत यावं, अशी इथे कुणाची मागणी नाही. पाच एकर कोरडवाहूत पाच भाऊ जगत नाहीत हे गावाला कागद न वाचता कळतं. त्याने पाठवलेल्या पैशांवर विहिरी झाल्या, बहिणींची लग्नं झाली, पुतण्यांच्या फिया भरल्या गेल्या, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. गाव ते विसरलेलं नाही. जाणं ही या मुलखाची जुनीच गोष्ट आहे. आधी तापीच्या खालच्या अंगाला सुरत, मग मुंबईच्या गिरण्या, मग पुणे, आता विमानाचं अंतर. दरवेळी जाणाऱ्याच्या पिशवीत बिबडे, कुरडया आणि मेतकूट बांधून दिलं गेलं.

यंदाच्या कानबाईची तयारी नेहमीप्रमाणे होईल. गहू निवडले जातील, नावं घेतली जातील. एक गोष्ट मात्र काही घरांत या वर्षी बोलायची आहे, आणि परदेशातून आलेला फोन त्यासाठी फार उपयोगी पडेल, कारण त्या फोनचं म्हणणं घरात ऐकलं जातं. मोजणीत पुरुषांचीच नावं असतात. सासरी गेलेल्या, शिकून परदेशी गेलेल्या, आईच्या औषधाचे पैसे दर महिन्याला पाठवणाऱ्या लेकींच्या नावाने मूठ पडत नाही. सूप पुढ्यात असताना, आई किंवा काकू नावं घेत असताना, कुणीतरी लेकीचं नाव घ्यावं आणि सव्वा मूठ गहू टाकावेत. म्हातारी माणसं क्षणभर थांबतील. कानबाई स्वतः बाईच आहे, ती रागवायची नाही.

दळण रविवारच्या आधी गिरणीत जातं. कोण येणार आहे, किती जण, किती रात्री राहणार, ते त्याआधी कळवावं. गोधड्या उन्हात घालायला वेळ मिळतो.

गावाकडून,
सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.